सिनेमाच्या धुना, एस.ए.सी.डी. आणि आपला हॉल: नाशिकच्या नवशिक्यांसाठी

चित्रपटांच्या धुना चांगल्या तबकडीवर ऐकायच्या या नादाला लागलेले बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी प्लेअर, मग त्याला शोभेल असा, स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प, मग स्पीकर आणि शेवटी खिशात जे उरेल त्यात हाताला लागेल ती तबकडी. मीही तेच केलं. सहा महिने माझ्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये यंत्रं चकचकीत होती आणि ऐकायला होत्या दोन तबकड्या, त्यातली एक लिफ्टमध्ये वाजते तसल्या संगीताची. म्हणून इथे यंत्र मागे ठेवलंय. घाई असली तरी उड्या मारू नका.

आपण बोलतोय ते गाजलेल्या चित्रपटांच्या धुनांबद्दल. शब्द नाहीत, मूळ कलाकार नाहीत, दुसऱ्याच कुणीतरी त्या वाद्यांवर नव्याने मांडलेल्या आहेत, आणि त्या साध्या सीडीपेक्षा वरच्या प्रतीच्या तबकडीवर, म्हणजे एस.ए.सी.डी.वर (सुपर ऑडिओ सीडी) आहेत.

आधी कान, तेही फुकटात

तोंडपाठ असलेलं एखादं मराठी किंवा हिंदी चित्रपटगीत निवडा. मोबाइलवर आधी मूळ गाणं ऐका, लगेच त्याच गाण्याची वाद्यावरची धून ऐका. हेडफोन साधा चालेल. लक्ष एकाच गोष्टीकडे द्यायचं: गायकाने जिथे श्वास घेतला, जिथे शब्दावर हलका जोर दिला, तिथे वादक काय करतो?

यासाठी प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनइतकी चांगली शाळा नाही. १९३२ साली नगर जिल्ह्यातल्या हरेगावला जन्मलेले जोग सुधीर फडक्यांचे सहायक. गीतरामायणाच्या साथीत त्यांचं व्हायोलिन होतं. पुढे त्यांनी ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने मराठी गाण्यांच्या धुना वाजवल्या. ‘गाणारे’ हा शब्द जाहिरातीपुरता नाही. ऐकताना अक्षरं डोळ्यांपुढे येतात. ‘ळ’ कुठे आला तेही कळतं, असं माझी आई म्हणायची, आणि ते अतिशयोक्त असलं तरी खोटं नव्हतं.

माझ्या पिढीने ही धून आकाशवाणीवर ऐकली. दोन कार्यक्रमांमध्ये मिनिट-दोन मिनिटं रिकामी राहिली की गिटारवर एखादं हिंदी गाणं सुरू व्हायचं आणि ऐन अंतऱ्यात निवेदक ते कापायचा. व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांची गिटार, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचा पियानो अ‍ॅकॉर्डियन ही त्या जगातली मोठी नावं. हा सगळा खजिना एल.पी. (सुईने वाजणारी जुनी मोठी तबकडी), कॅसेट आणि साध्या सीडीवर आहे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, तेव्हा तो आधी ऐकून घ्या. महिनाभर ऐकूनही ‘गायक नाही तर मजा नाही’ असंच वाटलं, तर इथेच थांबा. पैसे वाचले.

मग तीन गोष्टींतला फरक

दुकानात किंवा संकेतस्थळावर सगळं एकाच खणात टाकलेलं असतं. ते वेगळं करायला शिका.

एक, मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे चित्रपटात वाजलेलंच. ते आपल्या विषयात नाही. दुसरं, पुनर्ध्वनिमुद्रण: मूळ स्वरलिपी घेऊन दुसऱ्या वाद्यवृंदाने जवळपास तसंच, पण अधिक चांगल्या ध्वनीत वाजवलेलं. चार्ल्स गेरहार्ट यांनी १९७२ पासून आर.सी.ए. या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेली हॉलिवूडच्या जुन्या पार्श्वसंगीताची मालिका हा त्याचा उत्तम नमुना. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये, केनेथ विल्किन्सन या ध्वनिमुद्रकाच्या हातचं काम. त्या हॉलखालून भुयारी रेल्वे जायची, आणि तिथे झालेल्या बऱ्याच मुद्रणांत शांत जागी तिची घरघर ऐकू येते. तुमचा स्पीकर खालचे स्वर किती दाखवतो, याची याहून स्वस्त परीक्षा नाही.

तिसरं म्हणजे खरं कव्हर. इथे धून तीच, पण अंगावरचे कपडे नवे. एन्नियो मोरिकोने यांची ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची शीर्षकधून घ्या. चित्रपट इटलीत १९६६ च्या अखेरीस आला. ह्यूगो मॉन्टेनेग्रो यांनी ती धून शीळ, माउथ ऑर्गन, गिटार आणि पुरुषी हुंकार यांवर मांडली आणि १९६८ मध्ये हे कव्हर अमेरिकेत दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. कित्येकांना आज आठवते ती मूळ धून नसून मॉन्टेनेग्रोंची असते, आणि त्यांना ते माहीतही नसतं.

पर्सी फेथ यांचं तर त्याहून पुढे. ‘अ समर प्लेस’ चित्रपटातली मॅक्स स्टायनर यांची धून फेथ यांनी तारवाद्यांवर बांधली. १९६० मध्ये ती अमेरिकेत सलग नऊ आठवडे अव्वल राहिली आणि तिला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. फेथ मुळात टोरांटोचे पियानोवादक. बहिणीला आगीतून वाचवताना हात भाजले, म्हणून ते वाद्यवृंद-संयोजनाकडे वळले. त्यांच्या मांडणीत पियानो बहुधा मागे का असतो, हे मी या गोष्टीशी जोडून बघत असतो. पुरावा काही नाही, माझा आपला तर्क.

तेव्हा डबीवर संगीतकाराचं नाव वाचून थांबू नका, संयोजकाचं, म्हणजे धून वाद्यांवर बांधणाऱ्याचं, नाव शोधा. ते सापडलं नाही, वादकांची नावं नाहीत, ध्वनिमुद्रण कुठे झालं ते नाही, आणि मुखपृष्ठावर फक्त चित्रपटांची नावं ठळक असतील, तर ते बहुतेक कीबोर्डवर एका दुपारी उरकलेलं काम असतं. माझी लिफ्टवाली तबकडी यातलीच.

जाता जाता: शब्दांशिवाय सिनेसंगीत आपल्याला परकं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लागला, आणि पहिला बोलपट १९३१ मध्ये आला. मधली अठरा वर्षं पडद्यावर बोल नव्हते. पडद्यासमोर बसलेले वादक वाजवत होते. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलात तर हे आठवून बघा.

तबकडीच्या पोटात काय असतं

इथे थोडा वेळ काढा, कारण फसगत इथेच होते.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली. ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेते, प्रत्येक माप १६ बिटांचं. याच दोघांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एस.ए.सी.डी. आणली. तिची रीत वेगळी: माप एकाच बिटाचं, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या बरोब्बर ६४ पट. शिवाय दोन चॅनलबरोबर (चॅनल म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज) सहापर्यंत चॅनल त्याच तबकडीवर मावतात.

बहुतेक एस.ए.सी.डी. ‘हायब्रिड’ असतात. एकाच तबकडीत दोन थर. वरच्या दर्जाचा थर अर्धपारदर्शक आणि जाडीच्या मध्यावर, त्याच्यामागे नेहमीचा सीडीचा थर. साध्या प्लेअरचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, तो पहिल्या थरातून आरपार जाऊन सीडी वाचतो. एस.ए.सी.डी. प्लेअरचा ६५० नॅनोमीटरचा लेझर पहिल्याच थरावर थांबतो. नवशिक्यासाठी याचा अर्थ फार सोयीचा आहे: हायब्रिड तबकडी आज घ्या, माळ्यावर पडलेल्या डीव्हीडी प्लेअरवर लावा, तिचा सीडीचा थर वाजेल. खरा प्लेअर पुढच्या वर्षी आला तरी तबकडी तीच.

आता चार चॅनलची गोष्ट, आणि माझ्या मते या छंदातली खरी गंमत हीच. १९७० च्या दशकात कंपन्यांनी ‘क्वाड्राफोनिक’ नावाचं खूळ काढलं. समोर दोन स्पीकर, मागे दोन. चित्रपटधुनांचे वाद्यवृंद त्यासाठी अगदी योग्य होते, कारण गायकाला मध्ये उभं करायची चिंता नव्हती. शीळ मागून, तारवाद्यं पुढून, ढोलकं एका कोपऱ्यात. अडचण होती ती एल.पी.ची. सी.बी.एस. कंपनीच्या ‘एस.क्यू.’ पद्धतीत चार चॅनल दोनात कोंबायचे आणि घरी परत वेगळे काढायचे. ते कधीच नीट वेगळे व्हायचे नाहीत. जे.व्ही.सी.ने काढलेली आणि आर.सी.ए.ने उचललेली ‘सीडी-४’ पद्धत जास्त प्रामाणिक होती, पण तिच्या खाचेत ३० किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा वाहक स्वर असायचा, जादा चॅनलचा आवाज वाहून नेणारा. साध्या सुईला तो वाचता यायचा नाही, उलट ती तो झिजवून टाकायची. दशक संपायच्या आत सगळं बारगळलं.

पण स्टुडिओतल्या मूळ टेपांवर चारही चॅनल सुटे, स्वच्छ होते. त्या टेपा आज एस.ए.सी.डी.वर येतात. डटन व्होकॅलियन ही ब्रिटिश कंपनी हेच काम करते. मॉन्टेनेग्रो, फेथ, हेन्री मॅन्सिनी यांचे जुने चार-चॅनल एल.पी. ती काढते, बऱ्याचदा एका तबकडीवर दोन-दोन. तेव्हा ज्याने एल.पी. विकत घेतली त्याने जे कधी ऐकलं नाही, ते पन्नास वर्षांनी आपण हॉलमध्ये बसून ऐकतो. या एका कारणासाठी मी एस.ए.सी.डी.ची भलामण करतो, बाकी कशासाठी नाही.

डबी वाचताना

‘सीडी-४’ असं जुन्या एल.पी.वर दिसलं तर तिचा आपल्या सीडीशी काही संबंध नाही, ती वर सांगितलेली एल.पी.ची पद्धत. ‘एस.एच.एम.-सीडी’ म्हणजे चांगल्या प्लास्टिकची साधी सीडी. ‘एस.एच.एम.-एस.ए.सी.डी.’ मात्र खरी एस.ए.सी.डी., पण एकाच थराची. तुमच्या डीव्हीडी प्लेअरवर ती वाजणारच नाही. ‘रीमास्टर्ड’ (जुन्या टेपवरून आवाज नव्याने सुधारून घेतलेलं) या शब्दाला काहीच अर्थ नाही, म्हणजे असतो, पण डबीवरून तो कळत नाही. ‘मल्टी-चॅनल’ छापलेलं असेल तरच मागच्या स्पीकरना काम. डीव्हीडीसारखी प्रदेशाची कुलपं एस.ए.सी.डी.ला नाहीत, त्यामुळे जपानची असो की इंग्लंडची, इथे वाजते.

जास्त आकडा म्हणजे जास्त गोडवा?

नाही. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एस.ए.सी.डी. आणि डीव्हीडी-ऑडिओ (तशीच दुसरी वरच्या दर्जाची तबकडी) यांचा आवाज थेट ऐकवायचा, आणि तोच आवाज सीडीच्या दर्जाच्या चाळणीतून गाळून ऐकवायचा. कोणता कोणता ते ओळखा. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. गंमत पुढे आहे. त्याच लेखकांनी नोंदवलं की या तबकड्या पुष्कळदा सीडीपेक्षा खरोखर चांगल्या वाटतात, कारण त्या बनवणारे लोक जास्त काळजी घेतात.

मला हे पूर्ण पटतं. तबकडीवर पैसे टाकताना आपण बिट विकत घेत नसून कुणाची तरी काळजी विकत घेतो. ‘सीडी ऐकवत नाही हो आता’ असं कुणी गंगापूर रोडच्या बैठकीत म्हणालं तर वाद घालू नका, चहा प्या.

आता यंत्र

दोन स्पीकरवर ऐकायचं असेल तर एस.ए.सी.डी. चिन्ह असलेला कुठलाही प्लेअर, दोन लाल-पांढऱ्या वायरी आणि चांगला अ‍ॅम्प पुरे. सोनीच्या काही ब्लू-रे प्लेअरवरही एस.ए.सी.डी. चालते. मॉडेलनुसार फरक आहे, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, यंत्रावरचं चिन्ह बघा किंवा आपली तबकडी नेऊन समोर लावून बघा. चार-पाच स्पीकर हवे असतील तर एच.डी.एम.आय. असलेला ए.व्ही. रिसीव्हर, म्हणजे अनेक स्पीकर एकत्र चालवणारं यंत्र, घ्या.

ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून डिजिटल आवाज नेणारी, वायर लावू नका. मी लावली होती. तबकडी फिरत होती, पट्टीवर सेकंद सरकत होते आणि आवाज शून्य. रविवारची अख्खी संध्याकाळ मी स्पीकरच्या वायरी उलटसुलट केल्या. कारण असं की एस.ए.सी.डी.चा डिजिटल आवाज ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल वायरीतून बाहेर सोडलाच जात नाही, नक्कल होऊ नये म्हणून. पहिल्या दिवसापासून एच.डी.एम.आय. किंवा लाल-पांढऱ्या वायरींचं अ‍ॅनालॉग.

वायर बरोबर असूनही मागचे स्पीकर गप्प असतील, तर प्लेअरच्या मेनूत जा. तबकडीवर दोन चॅनलचा भाग वेगळा, अनेक चॅनलचा वेगळा. प्लेअर कोणता वाचणार ते तिथे ठरतं, आणि काही प्लेअर मुळातच दोन चॅनलवर लावलेले येतात. क्वाड्राफोनिक तबकडीत मधला स्पीकर आणि सबवूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) गप्प राहतील. ते बिघडलेले नाहीत, त्यांना देण्यासारखं मूळ टेपवर काही नव्हतंच.

परदेशातून सेकंडहँड प्लेअर आणणार असाल तर पिन खुपसण्याआधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेचं यंत्र १२० व्होल्टचं, जपानचं १००, आपल्या भिंतीत २३०. माझ्या मेहुण्याने अमेरिकेहून मोठ्या प्रेमाने आणलेला प्लेअर मी अडॅप्टर लावून थेट जोडला. अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही. ‘दाजी, जळका वास येतोय,’ एवढंच मेहुणा म्हणाला. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आधी, प्लेअर नंतर.

हॉल

आपल्या घरांत खाली टाइल, तीन बाजूंना प्लास्टर आणि एका भिंतीला काचेचा दरवाजा. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘झिंग’ असा शेपटासारखा आवाज येतोय? तो प्रत्येक व्हायोलिनच्या मागे लागणार आहे. त्यावर महागडी फोमची पॅनेलं नकोत. जमिनीवर जाड सतरंजी, काचेवर जाड पडदा, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. मी तर मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. पाहुणे ती कलाकुसर समजतात, समजू देत.

दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, १० बाय १२च्या खोलीत साधारण सहा-सहा फुटांचा. पेटीतला उंच स्वरांचा छोटा स्पीकर (ट्वीटर) कानाच्या पातळीला आला पाहिजे. मिळणारे स्टँड महाग वाटले तर सातपूर किंवा अंबडला एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला माप द्या, तो लोखंडी करून देईल, आत वाळू भरा. भिंतीपासून फूट-दीड फूट तरी अंतर. चार चॅनल असतील तर खुर्ची भिंतीला टेकून चालणार नाही. ती चौकोनाच्या मध्याजवळ हवी, चार स्पीकर चार कोपऱ्यांत. दिवाण हलवावा लागेल. त्याची बोलणी घरात आधी करून घ्या.

तबकड्या आणायच्या कुठून

एल.पी. आणि जुन्या सीडींसाठी गोदाघाटाकडचा बुधवारचा बाजार अधूनमधून पालथा घालायला हरकत नाही. भांडी आणि कुलपांच्या मध्ये कधी तरी चांगली एल.पी. निघते, बहुधा ओरखडलेली. यंत्र बघायचं असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरा, मुंबईचा लॅमिंग्टन रोड पायी फिरा, वेळ उरला तर चोरबाजार. पूर्वी आम्ही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये दोन-दोन तास उभे राहायचो, ते २०१६ मध्ये बंद झालं. एस.ए.सी.डी. आता परदेशातूनच मागवावी लागते. तबकडीच्या किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क धरा, आणि चार मित्रांनी मिळून एकत्र मागणी करा, टपाल वाटलं जातं. क्वाड्राफोनिक आवृत्त्या थोड्याच निघतात, तेव्हा हवी ती दिसली की पगाराची वाट बघू नका.

पहिली खरेदी तीनच तबकड्यांची करा. एक तारवाद्यांची, एक शीळ-गिटार-तालवाद्यांची चार चॅनलवाली, आणि एक तुमच्या भाषेतली साधी सीडी. तिसरी यासाठी की पहिल्या दोन ऐकून कान विटले की घरी परत यायला जागा हवी.

निगा

पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ सुती कापडाने, गोल गोल कधीच नाही. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. पुठ्ठ्याच्या डब्यांना श्रावणात बुरशी धरते, प्लास्टिकच्या डब्यांना नाही. बस.

ऐकायची वेळ

ही पायरी कुणी सांगत नाही. एस.ए.सी.डी. १२० डेसिबलपर्यंत आवाजाची उंच-नीच दाखवू शकते असं सांगतात, पण त्यातली खालची सगळी बाजू तुमच्या पंख्याखाली दबते. पंखा बंद, फ्रिजच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि वेळ पहाटे पाच ते सहा किंवा रात्री साडेदहानंतर. पहिल्या मिनिटाला आवाज कमी ठेवा आणि सर्वांत मोठी जागा येऊन गेल्यावर वाढवा. वाद्यवृंदात शांततेनंतर अचानक पितळी वाद्यं आणि झांजा येतात, आणि स्पीकर फाटतात ते नेहमी त्या क्षणी.

गणपतीच्या आधीचा महिना मात्र सोडून द्या. आमच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी सहाला ढोलपथकाचा सराव सुरू होतो, आणि नाशिक ढोलापुढे पर्सी फेथची तीस व्हायोलिनं काय करणार? त्या दिवसांत मी प्लेअरची पिन काढून ठेवतो आणि गच्चीवर जाऊन ढोल ऐकतो.